थायरॉइडची गोळी सुरू झालीय? पहिले सहा महिने असे काढा

"सर्दी झालीय का तुम्हाला?" फोनवर लोक मला विचारायचे, तेही भर मे महिन्यात. आवाज घोगरा झाला होता. कोल्हापुरात बाकीचे घामाने निथळत असताना मी ऑफिसात पंखा एकवर आणायला लावायचो. दुपारचा डबा खाल्ला की टेबलावरच डोळा लागायचा. मला वाटलं चाळिशी, बायकोला वाटलं आळस. शेवटी पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा गार, कोरडा हात हातात घेऊन पाहिला, मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या मागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर यायला त्याने सावकाश वेळ घेतला. जड दार हळूहळू मिटतं ना, तसं. डॉक्टर हसले आणि एकच तपासणी लिहून दिली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठी रक्तात बघतात तो आकडा, आला ३८. थायरॉइड मंदावला होता.

ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न, "हा बायकांचा आजार ना?" बायकांमध्ये तो कितीतरी जास्त असतो हे खरं, पण पुरुषांना तो होत नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

उपचार म्हणाल तर साधा. सकाळी एक छोटी गोळी. तरीही माझं गाडं रुळावर यायला जवळजवळ वर्ष गेलं. दोष औषधाचा नव्हता. गोळीच्या आधी काय, नंतर काय, कशाबरोबर, किती दिवस थांबायचं, हे कुणी धड सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. थायरॉइड कमी काम करतोय असं नुकतंच कळलेल्या मोठ्या माणसांसाठी हे लिहितोय. लहान मुलांचं प्रकरण वेगळं असतं, ते यात नाही. आणि डोस ठरवणार तुमचे डॉक्टर, मी नाही.

१. आधी तुमचा थायरॉइड कोणता ते बघा

"मला थायरॉइड आहे" असं आपण म्हणतो. तो सगळ्यांनाच असतो! गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी दिसणारी वीसेक ग्रॅमची ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. प्रश्न एवढाच असतो की ती कमी काम करतेय की जास्त. कमी म्हणजे हायपो, जास्त म्हणजे हायपर. दोन्हींची औषधं उलट आहेत. शेजारच्या काकूंना हायपर असेल आणि तुम्हाला हायपो, तर त्यांचा सल्ला तुमच्या काहीही कामाचा नाही. कुणाची गोष्ट ऐकण्याआधी हे विचारून घ्या.

रिपोर्टवर बहुधा तीन गोष्टी दिसतील.

टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हे. तो येतो मेंदूच्या बुडाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून. त्याला मुकादम समजा. मजूर काम करेनासा झाला की मुकादमाचा आवाज चढतो. म्हणून थायरॉइड मंदावला की टीएसएचचा आकडा वाढतो, आणि गोळी जास्त झाली की मुकादम गप्प बसतो, आकडा खाली जातो. हे उलट गणित डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४.५ हा नेहमीचा पल्ला. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो.

फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, थायरॉइडचा खरा रस. हा मजुराने प्रत्यक्षात केलेल्या कामाचा हिशोब. टीएसएच जास्त आणि फ्री टी-४ कमी, म्हणजे निदान स्पष्ट आहे. टीएसएच ५ ते १० च्या मध्ये आणि फ्री टी-४ व्यवस्थित, ही मात्र कुंपणावरची अवस्था. अशा वेळी बरेच डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात, कारण आजारातून उठल्यावरही टीएसएच काही काळ वर जाऊ शकतो. कुंपणावर असाल तर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणू नका.

तिसरं अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं. हे जास्त आलं तर शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या थायरॉइडच्या मागे लागली आहे असा अर्थ निघतो. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं, म्हणून नाव हाशिमोतो. "आयोडीन कमी पडलं की गलगंड" हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, त्यामुळे थायरॉइड म्हटलं की लोक आयोडीनच्या मागे लागतात. माझं अँटी-टीपीओ भरपूर जास्त होतं. आयोडीनचा त्यात संबंध नव्हता.

२. डॉक्टरांकडे जाताना पिशवीत काय हवं

- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. मोबाइलमधल्या फोटोंच्या ढिगात शोधाशोध करण्यापेक्षा कागद बरे.
- चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची गोळी, केसांसाठीचं व्हिटॅमिन, चूर्ण, काढा, सगळं. "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून जे घरी ठेवाल, तेच बहुधा अडचणीचं निघतं.
- हृदयविकार, बीपी, मधुमेह असेल तर त्याची फाइल. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर गोळी १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वाढवतात.
- घरात आई, मावशी, आत्या, बहीण, कुणाला थायरॉइडचा त्रास आहे का, याची माहिती.
- आजचं वजन. पूर्ण डोस ठरवताना किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असा हिशोब धरतात.
- बायकांसाठी: शेवटच्या पाळीची तारीख, आणि मुलाचा विचार आहे का.

साधा हायपो फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन उत्तम सांभाळतात. एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथी आणि संप्रेरकांचे तज्ज्ञ, गरोदरपणात, हृदयविकार असताना, गळ्यात गाठ लागत असेल तर किंवा सहा महिन्यांतही आकडे जागेवर येत नसतील तर गाठावेत. सरसकट मोठ्या शहराची वारी करायची गरज नाही.

आणखी एक. आरोग्य विम्याच्या फॉर्मवर हा आजार लिहा, लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलेला आहे. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उकरून निघतो.

३. गोळी घेताना बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा

औषधाचं नाव लेव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही दुकानात ऐकू येणारी नावं. २५, ५०, ७५, ८८, १०० अशी बरीच मापं असतात आणि बाटल्या दिसायला एकमेकींच्या बहिणी. हे आकडे मिलिग्रॅमचे नाहीत, मायक्रोग्रॅमचे आहेत, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. इतक्या बारीक मापात ५० च्या जागी ७५ आलं तर दीडपट होतं. मला एकदा दुकानदाराने १०० ऐवजी २५ ची बाटली दिली होती. घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं म्हणून निभावलं.

कंपनी बदलली तरी औषध तेच, पण शोषणात थोडा फरक पडू शकतो. जमेल तितकं एकाच कंपनीला चिकटून राहा. बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

बाटली ऊन, उष्णता आणि ओलीपासून लांब ठेवायची. गॅसच्या वरच्या फळीवर नको, मोरीतल्या कपाटात नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. आतली सिलिकाची पुडी फेकू नका, तिचं तिथे काम आहे.

"आयुष्यभर केमिकल खाणार?" असं म्हणणारे एक तरी काका भेटतातच. त्यांना सांगा, आपली ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते तेच या गोळीत आहे. अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. अंगात कमी पडलंय तेवढंच भरून काढायचं.

४. गोळी कधी, कशी, कशाबरोबर

सगळे इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर.

उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, पोटात पाण्याशिवाय काही नाही. चहासुद्धा नाही. आपल्याकडे अडचण इथेच आहे. डोळे उघडले की चहा लागतो, आणि "घोटभर चहाने काय होतंय" असं मनातल्या मनात म्हणून आपण घेतो. दूध, चहा, कॉफी पोटात असताना गोळी नीट शोषली जात नाही. गोळी घेतली, पण अंगी लागली नाही, अशी गत.

मी तोडगा काढला तो असा. रात्री झोपताना उशाशी तांब्या-भांडं आणि बाटली. पाच वाजता एकदा जाग येतेच. अंधारातच झाकणात एक गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, परत आडवं व्हायचं. सहाला उठेपर्यंत तास झालेला असतो आणि चहाशी भांडण उरत नाही. सकाळी पाळीवर जाणारे, डबे करणाऱ्या बायका, ज्यांना हे शक्यच नाही, त्यांनी डॉक्टरांना रात्री झोपताना घेण्याबद्दल विचारावं. रात्रीच्या जेवणानंतर तीन तास गेलेले असले तर तीही वेळ चालते. कुठलीही एक वेळ धरा, आज सकाळी आणि उद्या रात्री असं नको.

आता माझी चूक. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला कॅल्शियम दिलं होतं. सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदम उरकाव्यात म्हणून मी थायरॉइडची गोळी, लगेच चहा आणि त्यावर कॅल्शियम, असं महिनोन् महिने केलं. ७५ वर टीएसएच १४. डोस १०० झाला, तरी ११. मग १२५. तेव्हा कुठे डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा." मी सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेलं, चहा तासाने मागे सरला. डोस त्यांनी लगेच कमी करायला हवा होता का, माहीत नाही, तो १२५ च राहिला. सहा आठवड्यांनी टीएसएच ०.१, छातीत धडधड, रात्रीची झोप गायब. पुन्हा १०० वर आलो, तेव्हा गाडी जागेवर आली. म्हणजे आजारही मीच ताणला आणि जास्तीची गोळीही मीच ओढवून घेतली.

म्हणून हा नियम भिंतीवर लावा: कॅल्शियम, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर. ॲसिडिटीच्या रोजच्या कॅप्सूलनेही शोषण कमी होऊ शकतं, ती चालू असेल किंवा बंद केलीत तर डॉक्टरांना कळवा. सोयाबीनचे पदार्थ गोळीनंतर लगेच नकोत, दुपारी खा.

उपासाचा प्रश्न हमखास येतो. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, पाण्याबरोबर गोळी घ्यायला कुठेच अडचण नाही. हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या माझ्या मावशीने त्यावर मार्ग काढला: पहाटे, उपास सुरू व्हायच्या आत गोळी.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका. हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर काय करायचं, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा.

५. सहा आठवडे दम धरा

वर सांगितलेले ते सात दिवस इथेही लागू. रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, मुकादमाला ते पटायला आणखी थोडे. म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करायचा. दोन आठवड्यांत घाईने केलेला रिपोर्ट दिशाभूल करतो, आणि त्यावरून डोस बदलला तर आणखीच.

झोपाळूपणा आणि थंडी वाजणं आधी कमी होतं. माझा आवाज दुसऱ्या महिन्यात सुटला. कातडी आणि केसांना काही महिने लागतात. सुरुवातीला केस थोडे जास्तही गळू शकतात, त्याच वेळी लोक गोळी सोडतात. सोडू नका.

वजनाचं खरं सांगतो, कारण बऱ्याच जणांची निराशा इथे होते. हायपोमुळे वाढलेलं वजन बहुतांश पाणी आणि मीठ असतं, साधारण दोन ते पाच किलो. तेवढं गोळीने उतरतं. त्यावरचे दहा किलो थायरॉइडच्या नावावर खपवता येत नाहीत. आणि वजन उतरवायला डोस वाढवून घेणं हा तर हृदयाशी आणि हाडांशी खेळ आहे.

६. रक्त द्यायच्या दिवशी

एकाच प्रयोगशाळेत, दर वेळी सकाळी साधारण त्याच सुमाराला. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे सकाळी आठचा आणि दुपारी चारचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी-४ फुगलेला दिसतो. गोळीची बाटली बरोबर न्या, घरी ठेवली तर त्या गडबडीत ती राहूनच जाते.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी बंद ठेवा, जास्त मापाचं असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येतो. केस हायपोमुळे गळतात, माणूस बायोटिन सुरू करतो आणि रिपोर्ट सांगतो डोस जास्त झालाय. असा गमतीशीर गोल तयार होतो.

पहिल्या खेपेला कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ करायला सांगितलं तर पैसे उकळतायत असं समजू नका. हायपोत कोलेस्टेरॉल वाढतं. थायरॉइड जागेवर आल्यावर ते आपोआपही खाली येऊ शकतं, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी कधी सुरू करायची ते डॉक्टर यावरून ठरवतात.

७. खाण्याचं

कोबी, फ्लॉवर बंद करा, असं तुम्हाला दहा जण सांगतील. शिजवून, रोजच्या भाजीएवढं खायला हरकत नाही. किलोभर कच्च्या कोबीचा रस कुणी पीत असेल तर वेगळी गोष्ट.

मीठ मात्र बघा. तब्येतीला चांगलं म्हणून बऱ्याच घरांत सैंधव आलंय, आणि त्यात पुष्कळदा आयोडीन घातलेलं नसतं. २००६ पासून आपल्याकडे थेट खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन सक्तीचं आहे, ग्राहकाच्या हाती येताना किमान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पंधरा. तेवढं साधं आयोडीनयुक्त मीठ पुरे. उलट टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका, हाशिमोतोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडू शकते. "तीन महिन्यांत थायरॉइड मुळापासून" वाल्या काढ्यांबद्दल एवढंच, की काढा घ्यायचाच असेल तर गोळी बंद करून घेऊ नका.

८. घरात बाळाचा विचार असेल तर

हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलीने एवढं तरी लक्षात ठेवावं. पहिल्या तीनेक महिन्यांत बाळाचा स्वतःचा थायरॉइड कामाला लागलेला नसतो, ते आईच्या थायरॉक्सिनवर असतं. दिवस राहिल्यावर गोळीची गरज बहुतेकींमध्ये पाव ते निम्म्याने वाढते, तीही लवकर. माझ्या भाचीला तिच्या डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलं होतं: टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन. नाव नोंदवायच्या तारखेची वाट बघायची नाही. मग पाचव्या महिन्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच. "गरोदरपणात गोळ्या नकोत" म्हणून घरच्यांनी ही बंद करायला लावली, असं घडतं. ही बंद करणंच धोक्याचं.

बाळ झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याचाही टीएसएच तपासता येतो. रुग्णालयाने आपणहून केला नाही तर मागा.

९. वाट न बघता फोन कधी करायचा

छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, न प्रयत्न करता वजन उतरणं: डोस जास्त होत असल्याची खूण. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनही नको, सरळ दवाखाना. घरातल्या वयस्कर, गोळी सोडलेल्या माणसाला अती गुंगी, अंग गार, बोलणं असंबद्ध असं दिसलं, तरी तसंच.

एकदा आकडे बसले की आधी सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा टीएसएच पुरतो. मी तारीख कॅलेंडरवर वाढदिवसाच्या चौकोनात लिहून ठेवतो. त्याच दिवशी आरशासमोर उभं राहून मान थोडी मागे न्यायची आणि पाण्याचा घोट गिळताना गळ्याकडे बघायचं. कंठ वर-खाली होणारच, पण त्याच्या खाली गाठ सरकताना दिसली, किंवा एका बाजूला फुगवटा वाटला, तर डॉक्टरांना दाखवून गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची.